पदाधिकाऱ्यांच्या खाली काही दिसत नाही

तारीख: जूनमधला दुसरा रविवार. वेळ: ठरलेली सकाळी अकराची, सुरुवात पावणेबाराला. स्थळ: जामबागेतल्या शाळेची वरची खोली. ही आमच्या मराठी वधूवर मंडळाला रविवारपुरती मिळते.

हजर: उदगीरकर काका, अध्यक्ष, पंख्याखालच्या एकमेव खुर्चीत. कमलताई, चिटणीस, मंडळाच्या संगणकासमोर. दोन सभासद, पैकी एक जागे. अंजली, याच शाळेत गणित शिकवते. खोलीची किल्ली तिच्याकडे असते म्हणून हजर. आणि मी, सुनंदा, ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणून खास बोलावलेली.

गैरहजर: ज्यांची लग्नं जुळवायची, ते सगळे.

विषय: यादी फोनवर नीट दिसत नाही, याबाबत विचारविनिमय.

हजेरी आधी लिहून ठेवायची माझी सवय आहे. नंतर ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणणारे निघतात. ही सवय मला नोकरीनं लावली, आणि त्या नोकरीबद्दल लिहायला संपादकांनी सांगितलं आहे. ती नोकरी नेमकी काय आहे हे माझ्या सख्ख्या भावालाही अजून कळलेलं नाही, तेव्हा आधी तेवढं सांगते.

स्प्रेडशीट म्हणजे उभ्याआडव्या रेघांचा तक्ता. पगार, हजेरी, माल, मार्क, सगळं हल्ली त्यात असतं. तो तक्ता बनवायचं सॉफ्टवेअर वेगळं आणि नुसता उघडून बघायचं वेगळं. या दुसऱ्याला व्ह्यूअर म्हणतात. दुकानाच्या दर्शनी काचेसारखं त्याचं काम: आतला माल दाखवायचा, हलवू द्यायचा नाही. माल दिसला नाही की गिऱ्हाईक काचेवर चिडतं. काचेच्या वतीनं फोन उचलायला शहराच्या त्या टोकाच्या एका उंच इमारतीत काही माणसं बसवलेली आहेत. त्यातली एक मी. हळूहळू मी त्या माणसांची प्रमुख झाले, म्हणजे जे गिऱ्हाईक इतरांवर ओरडून दमत नाही ते माझ्याकडे येतं.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर खराब आहे.’ माझा पहिला प्रश्नही ठरलेला: ‘स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचून दाखवा.’ लोकांना हे फार अपमानास्पद वाटतं. काय दिसायला हवं ते ते तासभर सांगतील. काय दिसत नाही तेही सांगतील. काय दिसतंय, एवढं मात्र कोणी बघितलेलं नसतं.

एका गोदामाच्या मॅनेजरनं वाचून दाखवलं, ‘जाळ्या दिसतायत. सगळ्या वजनांच्या जागी जाळ्या.’ त्याचा निष्कर्ष असा, की हेड ऑफिसनं आकडे मुद्दाम झाकले आहेत, कारण वरच्यांचा खालच्यांवर विश्वास नाही. त्यानं तसं युनियनला कळवलंही होतं. वास्तविक रकाना अरुंद होता. आकडा मावला नाही की तक्ता त्याजागी जाळीच्या खुणा दाखवतो. रकाना बोटभर ताणला आणि वजनं बाहेर आली. ‘म्हणजे झाकलं नव्हतं?’ असं त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात आनंद अजिबात नव्हता.

सुलतान बाजारातल्या एका कापडवाल्या शेटजींचा फोन तर रडवेला होता. ‘माडम, आधा माल गायब! काल होता, आज फाइलीत नाही. चोरी झाली हो!’ वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचलं: लाल, लाल, लाल, लाल. म्हटलं, शेटजी, तुमच्याकडे फक्त लाल साड्या मिळतात का? मग पलीकडून कोणावर तरी ओरडल्याचा आवाज आला. सुनेनं आदल्या दिवशी लग्नाच्या गिऱ्हाइकासाठी फिल्टर लावून फक्त लाल साड्या गाळून काढल्या होत्या आणि गाळणी तशीच ठेवून फाइल बंद केली होती. शेटजींनी मला धन्यवाद दिले नाहीत. सुनेचं काय झालं ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

अशा प्रत्येक फोनची नोंद ठेवायची असते. नोंदीत ‘कारण’ नावाचा रकाना असतो आणि त्यात निवडायला मोजकेच पर्याय: फॉन्ट, आवृत्ती, इंटरनेट, इतर तांत्रिक अडचण. ‘सून’ हा पर्याय नाही. ‘संशय’ नाही. ‘स्वतःच केलं आणि विसरले’ हा तर नाहीच, तो ठेवला असता तर बाकीचे काढून टाकता आले असते. त्यामुळे माणसांनी माणसांचं जे काही केलं ते सगळं मी वर्षानुवर्षं ‘इतर तांत्रिक अडचण’ म्हणून नोंदवत आले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मंडळाकडे येऊ.

आमच्या मंडळाची यादी पूर्वी छापील पुस्तिका होती. मग खर्च नको म्हणून कमलताई ती संगणकावर तक्त्यात करू लागल्या आणि ग्रुपवर पाठवू लागल्या. कमलताई निवृत्त हेडक्लार्क, टायपिंगचा वेग चांगला, बाकी सगळं देवावर. उंचीच्या रकान्यात त्या पाच फूट चार इंच असं न लिहिता नुसतं पाच, आडवी रेघ, चार लिहायच्या. तक्त्याला अशा गोष्टीत तारीख दिसते. त्यानं त्याची केली पाच एप्रिल. पाच फूट दोन इंच म्हणजे पाच फेब्रुवारी. अकरा इंचवाले नोव्हेंबरात. एक सहा फूट एक इंचाचा मुलगा होता, तो थेट सहा जानेवारी झाला आणि सगळ्यांत बुटका समजून दोन वर्षं मागे पडला.

याची तक्रार कोणी केली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. लोक शिकले. मी स्वतः एका मंगळागौरीत ऐकलं आहे: ‘मुलगी मार्च आहे हो, पण रंगानं उजळ. मुलगा ऑगस्ट. शोभून दिसतील.’ आणि दुसरीनं मान डोलावून सांगितलं, ‘मेपर्यंत चाललं असतं त्यांना.’ चाळिशी ओलांडलेल्या, शिकलेल्या बायका! बिघाड दुरुस्त करून घेण्यापेक्षा त्याची भाषा बोलायला लागणं आम्हाला सोपं जातं.

मी त्यात पडले नसते. ऑफिसात आठवडाभर तेच, आणि रविवारीही तेच करायचं म्हणजे अती झालं. पण मे महिन्यात अंजली माझ्याकडे आली. ती आमच्याच गल्लीत राहते. नवरा अपघातात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी दुसरीत. सासू सोबत राहते, आणि मंडळाचा फॉर्म सासूनंच आणून, सासूनंच भरला होता. ‘मी काय जन्माला पुरणार आहे का?’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

अंजली म्हणाली, “सुनंदाताई, एक बघाल? माझं नाव यादीत आहे की नाही, ते मला कळतच नाहीये.”

“कमलताईंना विचारलंस?”

“दर वेळी विचारते. त्या म्हणतात, आहे गं, पण कोणी विचारलं नाही. तीन याद्या झाल्या. आता मी ठरवलंय, या खेपेलाही नाही विचारलं तर नाव काढून टाकायचं. सासूबाई रोज माझं तोंड वाचत बसतात, ते मला बघवत नाही. घरी आले की बघतात, चेहऱ्यावर काही आहे का.”

मी म्हटलं, फोन काढ. काय दिसतंय ते वाचून दाखव.

तिनं वाचलं. श्री गणेशाय नमः. खाली मंडळाचं नाव, नोंदणी क्रमांकासकट. खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, सल्लागार. मग तळाशी अर्धी ओळ, त्यात कोणा मुलीच्या नावाची वरची अर्धी अक्षरं.

“खाली सरकव.”

“सरकत नाही ना. हेच दिसतं.”

हे दिसलं आणि मला हसू आलं, त्यानंतर राग आला. तक्त्यात वरच्या काही ओळी गोठवता येतात. म्हणजे खालचा मजकूर सरकवला तरी वरचं शीर्षक जागेवर राहतं, चांगली सोय आहे. कोणीतरी शीर्षकाबरोबर अख्खं कार्यकारी मंडळ गोठवलं होतं. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर त्यानं काही बिघडत नाही, खाली भरपूर जागा उरते. फोनच्या पडद्यावर मात्र गणपती आणि पदाधिकारी बसले की जागा संपते. सगळे वधूवर त्या तळाच्या फटीतून सरकत होते, आणि लोकांना वाटत होतं की फाइल अडकली.

म्हणून तो जूनमधला रविवार.

मी उदगीरकर काकांना त्यांचाच फोन हातात दिला आणि म्हटलं, “काका, काय दिसतंय ते वाचून दाखवा.”

काकांनी चष्मा चढवला आणि खड्या आवाजात वाचलं. स्वतःच्या नावाशी जरा थांबले. सभासदांपैकी झोपलेले जागे झाले.

“छान,” मी म्हटलं. “आता मुली दाखवा.”

काकांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग फोन उलटा करून बघितला, जणू मुली मागच्या बाजूला असतील. “कमल, हे सरकंना.”

“नाहीच सरकणार,” कमलताई म्हणाल्या. “तुम्हीच म्हणालात ना काका, खाली बघत गेलं की पदाधिकाऱ्यांची नावं वर निघून जातात, मान राहत नाही. मग माझ्या भाच्याला विचारून मी ती बसवली.”

“हौ, मग बरोबरच केलंस.” काकांनी माझ्याकडे पाहिलं. “नावं जागेवर राहिली पाहिजेत. मंडळ कोणी चालवलं? लोकांना कळायला नको?”

“काका, सध्या लोकांना तेवढंच कळतंय.”

“म्हणजे आमची नावं काढायची?”

“काढायची नाहीत.”

“नक्को म्हणजे नक्को! वीस वर्षं घासली आम्ही इथे.”

नोकरीत एक गोष्ट शिकले. समोरच्याची चूक दाखवून फाइल दुरुस्त होत नाही, त्याला काहीतरी बढती द्यावी लागते. मी म्हटलं, “काका, तुम्हाला स्वतंत्र पान देऊ. पदाधिकाऱ्यांचं वेगळं पान, भगव्या रंगात, सगळ्यांत पहिलं. त्यात दुसरं कोणी नाही. फोटोही लावता येतील.”

“फोटो?” काका म्हणाले.

उपाध्यक्ष गैरहजर होते, नाहीतर फोटोंच्या क्रमावर वाद घालता घालता दिवाळी आली असती. ठराव झाला. गोठवलेल्या ओळी मी तिथल्या तिथे सोडवल्या. त्याला लागलेला वेळ काकांच्या एका घोट चहाइतका. वधूवर मोकळे झाले आणि पडदाभर धावू लागले. कमलताई म्हणाल्या, “अगोबाई, इतके आहेत?” त्यांनीच टाइप केले होते.

उंचीचेही महिने काढून फूट-इंच केले. यावर मात्र एक सभासद नाराज झाले. त्यांच्या मते आता सगळ्यांना पुन्हा शिकवावं लागेल.

मग मी अंजलीचं नाव शोधलं. नाही. वरून खाली, खालून वर, नाही. अंजली खिडकीपाशी किल्ली हातात घेऊन उभी होती.

“कमलताई, पुनर्विवाहाची नावं कुठे आहेत?”

“ती वेगळ्या पानावर.”

“पान दिसत नाही.”

“दिसणार कसं? पाठवायच्या आधी मी ते झाकते ना.” कमलताईंनी हे अगदी सहज सांगितलं, दूध झाकते म्हणावं तसं. “झाकायला मला चांगलं येतं. भाच्यानं शिकवलंय.”

“का झाकता?”

“पद्धत आहे ती. पुस्तिका होती तेव्हाही ती शेवटची पानं आम्ही वेगळी टाचायचो. शुभकार्याची यादी उघडल्या उघडल्या तसलं समोर नको. कोणी मागितलं की द्यायची.”

“मागितली कोणी?”

“छे. कोणीच नाही.”

“ती आहेत हे कोणाला सांगितलं होतं?”

कमलताई काकांकडे बघू लागल्या. काका पंख्याकडे बघू लागले. व्ह्यूअरची यात काही चूक नाही, हे मला धंद्याच्या अभिमानानं सांगावंसं वाटतं. झाकलेलं पान तो दाखवत नाही, कारण झाकणाऱ्याला ते झाकायचं होतं असं तो समजतो. बरोबर समजतो.

“काका, ते पान उघडू का?” मी विचारलं.

“सुनंदा, तू पुण्यामुंबईच्या पोरांसारखी बाता करू नको. लोक नावं ठेवतील. मी काय त्यांच्या विरुद्ध आहे का? पण बघणाऱ्याचा दिल... समजून घे. हल्लू हल्लू करू.”

तेव्हा अंजली बोलली. आवाज तिनं चढवला नाही. वर्गात मागच्या बाकाला सांगतात तसं ती म्हणाली, “काका, गणेशोत्सवात आरतीचं ताट तुम्ही माझ्या हातात देता. तुमच्या नातीला मी घरी येऊन गणित शिकवते, परीक्षेला जाताना ती माझ्या पाया पडून जाते. दर रविवारी हे दार मी उघडते म्हणून तुम्ही आत येता. मग यादीच्या पानावरच मला झाकावं का लागतं?”

नेहमी झोपणारे सभासद पूर्ण जागे होते.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हौ बेटा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “खोल ते पान. आणि नातीचं... ती पास झाली बरं का या वेळी.”

“माहिती आहे काका,” अंजली म्हणाली. “पेपर मीच तपासला.”

पान उघडलं. अंजलीसारखी बरीच नावं होती, दोन्ही बाजूंची. काही पुरुषांनी फॉर्ममध्ये ‘मूल असल्यास हरकत नाही’ असं स्वतःहून लिहिलं होतं. त्यांनाही कमलताई दर वर्षी कळवत होत्या की कोणी विचारलं नाही. सगळे एकाच अंधाऱ्या पानावर शेजारी शेजारी बसले होते आणि एकमेकांना दिसत नव्हते.

कमलताईंनी इतिवृत्त लिहिलं. मी ते मुद्दाम वाचून घेतलं. त्यात होतं: ‘तांत्रिक अडचणीमुळे यादीचे एक पान सभासदांस दिसत नव्हते. ती अडचण दूर करण्यात आली. अध्यक्षांनी मार्गदर्शन केले.’

मी सही केली. माझ्या नोंदीत तरी आजवर मी वेगळं काय लिहिलं होतं?

नवी यादी त्याच संध्याकाळी ग्रुपवर गेली. पहिल्या आठवड्यात पदाधिकाऱ्यांच्या भगव्या पानावर बरीच चर्चा झाली, एक फोटो बदलून मागण्यात आला. अंजलीबद्दल कोणी विचारलं नाही.

तिनं मला विचारलं, “आता दिसतंय ना नक्की?”

“दिसतंय.”

“मग आता काय कारण?”

हा प्रश्न ऑफिसात आला असता तर मी ‘फोनची कॅश, म्हणजे जुना साठा, साफ करून बघा’ म्हटलं असतं. इथे मी कमलताईंना फोन केला. त्यांना सगळ्यांची घरं, आजारपणं आणि हट्ट पाठ असतात, ते त्यांच्या तक्त्यात कुठेच नाहीत एवढंच. त्या म्हणाल्या, “मलकपेठच्या बिदरकरबाई बघ की. मुलासाठी, गिरीशसाठी फॉर्म भरलाय. सून गेली, नातू आहे चार-पाच वर्षांचा. माणसं चांगली. ‘मूल असल्यास आनंद’ असं लिहिलंय बाईनं. पण मंडळावर चिडलीये.”

मी बिदरकरबाईंना फोन लावला. म्हटलं, मावशी, मंडळाची यादी बघितली का?

“बघते की रोज,” पलीकडून ठसक्यात उत्तर आलं. “त्यात माणसं कुठायत? नुसते पदाधिकारी!”

म्हणजे जुनी फाइल. हाही आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रकार. नवी फाइल पाठवली की लोकांना वाटतं जुनी आपोआप बदलली. फोन मात्र आधी उतरवलेलीच पुन्हा पुन्हा काढून देतो. नवी उतरवा म्हटलं तर म्हणाल्या, “गोल गोल फिरतंय नुसतं. तीन दिवस फिरतंय.” मग गिरीशलाच का पाठवू नये? पाठवली. त्यानं उत्तर दिलं, ‘ताई, आई बघेल, मग मी. तिच्या आधी मी उघडणार नाही.’ सरळ माणूस. अशा सरळ माणसांमुळेच कामं अडतात.

मी शनिवारी मलकपेठला गेले. बरोबर नेलं ते असं: चार्जर, केबल, यादीची छापील प्रत, बिस्किटांचा पुडा. रेसकोर्सच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचं घर, दारात नातवाची सायकल आडवी.

बिदरकरबाई साठीच्या पुढच्या, तरतरीत. चहा ठेवता ठेवता त्यांनी मंडळाचा उद्धार केला, मग काकांचा, मग पूर्ण कार्यकारी मंडळाचा, यादीतल्या क्रमानं. सगळी नावं पाठ झाली होती. रोज तेच तर दिसत होतं.

“मावशी, तुम्हाला छापील देते,” मी म्हटलं.

त्यांनी कागद घेतला, घडी घातली, टीव्हीच्या खाली ठेवला. “फोनवर आली की बघते. फोनवरच बघायची सवय झालीये.”

“मग माझ्या फोनवर बघा आत्ता.”

“तुझ्या फोनवर? नको बाई. परक्या फोनवर घरचं काय बघायचं?”

बरं. त्यांचा फोन घेतला. म्हटलं, नवी फाइल दाबते, काय दिसतंय ते वाचून दाखवा.

त्यांनी वाचलं, “जागा शिल्लक नाही.”

हे सोपं होतं. फोन भरलेला. असले फोन मी डोळे मिटून साफ करते. शुभप्रभातची फुलं, देवांची चित्रं, लोकांचे वाढदिवस. टिचकी मारली की फोन हलका. आत गेले. फुलं नव्हती. देव नव्हते. बाईंनी ते सगळं आधीच पुसलं होतं. उरलं होतं ते व्हिडिओचं दालन, आणि त्यानंच फोन काठोकाठ भरला होता.

“यातले काही काढावे लागतील,” मी म्हटलं. “किंवा मी दुसरीकडे उतरवून देते. पेनड्राइव्हवर ठेवू, एकही जाणार नाही. फोनला जागा होईल.”

बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. काढून घेतला म्हणवणार नाही इतका हळूच. “काढायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “उतरवायला हरकत नाही म्हणतेस... पण मग इथून जातीलच ना? इथे उघडलं की समोर यायचे नाहीत.”

“पेनड्राइव्हवर राहतील मावशी.”

“हौ. कपाटात.” त्यांनी एकावर बोट ठेवलं. छोट्या पडद्यावर स्वयंपाकघर दिसलं, हेच, आम्ही बसलो होतो तिथून दिसणारं. कोणीतरी हसत होतं आणि मागे कुकरची शिट्टी होत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं. सवयीनं. “काय आहे ते?”

म्हणजे माझा तोच प्रश्न, रोजचा. बाईंनी पडद्याकडे बघत वाचून दाखवावं तसं सांगितलं, “सुमा पोळ्या लाटतीये. बाळ पिठात हात घालतंय. ती म्हणतीये, अहो आई, फोन ठेवा आणि याला धरा.” मग जरा थांबून, “मी ठेवला नाही फोन. बघ, अजून चालूच आहे.”

नातू आतून आला, आजीच्या गुडघ्यावर रेलला, त्यानंही बघितलं. त्याला पुढे काय होतं ते पाठ होतं. पोळी फुगायच्या आधीच तो टाळी वाजवायला लागला.

मी चहा संपवला.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. “ती मुलगी,” त्या म्हणाल्या, “शाळेतली. कमल म्हणत होती फोनवर. गणित शिकवते म्हणे.”

“हो. तिची मुलगी दुसरीत आहे.”

“चांगलं आहे. बघायचंय मला. खोटं नाही सांगत.” त्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. “तू असं कर. मी एकेक पुन्हा बघते, मग सांगते कुठला उतरवायचा. एकदम सगळे नको नेऊ.”

“किती दिवस लागतील मावशी?”

“रोज एक बघते. दोन बघवत नाहीत.”

मी घरी आले तेव्हा अंजलीच्या सासूबाई त्यांच्या गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी लांबूनच माझा चेहरा वाचायला घेतला. मी काहीच दिसू दिलं नाही. एवढा सराव नोकरीत झालेला आहे. रात्री अंजलीला मात्र सगळं सांगितलं, पोळ्यांसकट. तिनं तपासायची वही मिटली. मग म्हणाली, “नाव राहू दे यादीत. काढू नका. त्यांना घाई करू नका.”

ऑफिसात मी बंद न झालेल्या कामांची यादी भिंतीवर लावते, म्हणजे लोकांना लाज वाटते. घरची यादी फ्रिजवर असते. बहुतेक ओळींवर रेघ मारून झाली आहे: उंचीचे महिने काढणे, झाले. पदाधिकारी हलवणे, झाले. झाकलेले पान उघडणे, झाले. उपाध्यक्षांचा फोटो बदलणे, दोनदा झाले.

एक ओळ राहिली आहे. मलकपेठ, बिदरकरबाईंचा फोन, जागा करणे. तिच्यापुढे कारणाचा रकाना आहे. तो मी अजून भरलेला नाही. पेनड्राइव्ह पर्समध्ये तयार आहे. दर शनिवारी त्या कळवतात, आज कुठला बघितला ते, आणि अजून एकही उतरवायला सांगितलेला नाही.